व्हिडिओ पाठ आणि सामाईक हवा

संमंत्रण सत्रासाठी रविवारी अभ्यासकेंद्रावर येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस कसा सुरू होतो, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. पहाटे उठून घरचे आवरायचे, गुरांचे पाहायचे, मुलांसाठी करून ठेवायचे, एस.टी.ची वेळ गाठायची आणि आठवड्यातला सुटीचा एकुलता दिवस पुस्तकासाठी राखून ठेवायचा. त्या दिवसाची किंमत ज्याने मोजली आहे, त्यालाच त्यातला एक तास वाया जाणे म्हणजे काय ते कळते.

असा एक वाया गेलेला तास मी पाहिला आहे; किंबहुना तो वाया घालवण्यात माझाही वाटा होता. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मी मराठीचा संमंत्रक म्हणून जात असे. महाविद्यालयाच्या आवारात नुकतेच वाय-फाय बसवले होते. लोकसाहित्याच्या घटकावर ४५ मिनिटांचा एक चांगला व्हिडिओ पाठ उपलब्ध होता. प्रत्येकाने तो आपापल्या मोबाइलवर पाहावा आणि मग चर्चा करावी, असे आम्ही ठरवले. शनिवारी संध्याकाळी मी रिकाम्या सभागृहात बसून तो पाठ लावून पाहिला. तो एकदाही न अडखळता चालला. रविवारी त्याच सभागृहात ६० विद्यार्थी बसले, ६० मोबाइल उघडले गेले आणि बहुतेक पडद्यांवर ते परिचित चक्र गरगरू लागले. कोणाला पहिली दोन मिनिटे दिसली, कोणाला चित्र न हलता नुसता आवाज ऐकू आला, कोणाला काहीच मिळाले नाही. संगणक विभागातील कर्मचारी येऊन पाहून गेले आणि म्हणाले, “नेट तर चालू आहे, सर.” तेही खरेच होते.

मागच्या बाकावर अंगणवाडीत काम करणाऱ्या, चाळिशीच्या एक ताई बसल्या होत्या. सत्र संपल्यावर त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सर, माझाच मोबाइल जुना आहे, म्हणून लागलं नसेल. मी घरी पोराच्या मोबाइलवर बघते.”

त्यांचा हा शब्द मला अनेक दिवस टोचत राहिला. पाठ पोहोचला नाही, याचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला होता. वयाने मोठे झाल्यावर पुन्हा शिकायला बसलेल्या माणसाच्या मनात ‘हे आपल्याला जमेल का’ ही शंका आधीच घर करून असते. यंत्रणा जिथे तोकडी पडते, तिथे असा विद्यार्थी यंत्रणेला नव्हे, तर स्वतःलाच कमी लेखतो आणि एखाद्या रविवारी यायचा थांबतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मी मानत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : महाविद्यालयाच्या आवारात बिनतारी जाळ्यावरून व्हिडिओ पाठ द्यायचा असेल, तर तो सर्वांत दुबळ्या जोडणीवर बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेल अशा रीतीने रचण्याची जबाबदारी संस्थेची आहे, विद्यार्थ्याची नाही. हे म्हणणे पटण्यासाठी त्या रविवारी सभागृहातल्या हवेत नेमके काय घडले, हे आधी समजून घ्यावे लागेल.

हवा ही सामाईक विहीर

तारेने जोडलेल्या संगणकाला त्याची स्वतःची तार असते. बिनतारी जाळ्यात तसे नसते. सभागृहाच्या भिंतीवर लावलेला वाय-फायचा डबा, ज्याला तंत्रज्ञ ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणतात, आणि त्याच्याशी जोडलेले सर्व मोबाइल एकाच लहरपट्ट्यावर बोलतात. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा तिथला नियम असतो. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते. हवा मोकळी आहे असे वाटले, तर थोडा यदृच्छेने ठरलेला वेळ थांबून आपला निरोप पाठवते. दोघांनी एकदम पाठवला तर निरोप एकमेकांवर आदळून फुकट जातात आणि पुन्हा पाठवावे लागतात.

ज्यांच्या शेतात सामाईक विहीर आहे, त्यांना हा व्यवहार नवा वाटणार नाही. विहीर एक, खातेदार अनेक, आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. विहिरीला पाणी कितीही असो, एका वेळी एकाचीच मोटार चालणार. वाय-फायच्या डब्यावर छापलेला वेग हा त्या विहिरीच्या पूर्ण पाण्याचा आकडा असतो. तो प्रत्येक खातेदाराच्या वाट्याचा नसतो. शिवाय पाळ्या लावण्यात, कानोसा घेण्यात आणि फुकट गेलेले निरोप पुन्हा पाठवण्यात बराच वेळ जातो. त्यामुळे छापलेल्या वेगाच्या निम्मा वेग प्रत्यक्षात हाती आला तरी पुष्कळ म्हणायचे.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. डब्याजवळ बसलेल्याचा मोबाइल वेगाने बोलू शकतो. दूर, मागच्या बाकावर किंवा खांबाआड बसलेल्याला लहरी क्षीण मिळतात, म्हणून त्याचा मोबाइल सावकाश बोलतो. तेवढीच माहिती पोहोचवायला त्याला हवेतला अधिक वेळ लागतो आणि तो वेळ सर्वांच्या पाळीतून जातो. म्हणजे एक दूरचा मोबाइल सगळ्या वर्गाला संथ करू शकतो. हा काही त्या विद्यार्थ्याचा गुन्हा नव्हे. त्याच्यापर्यंत लहरी नीट पोहोचतील अशा जागी डबा न लावणाऱ्यांची ती चूक असते.

आता शनिवारची चाचणी का फसवी ठरली, हे ध्यानात येईल. शनिवारी विहिरीवर मी एकटाच होतो. रविवारी ६० खातेदार एकदम आले. त्यातच माणसाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते आणि वाय-फायच्या लहरी पाणी असलेल्या वस्तूंत शोषल्या जातात. भरलेले सभागृह हे रिकाम्या सभागृहापेक्षा लहरींना अधिक अवघड असते. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन मिळतात. त्यामुळे शेजारी शेजारी चार डबे लावले, तर तेही एकमेकांच्या बोलण्यात व्यत्यय आणू लागतात. रिकाम्या खोलीत घेतलेली चाचणी ही भरलेल्या वर्गाची परीक्षा होऊ शकत नाही, हा साधा धडा मी त्या दिवशी शिकलो.

एकच कीर्तन, साठ वेळा

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. मध्यम दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे १ मेगाबिट माहिती लागते असे धरू. ४५ मिनिटांच्या पाठाची ही माहिती जवळजवळ ३४० मेगाबाइट भरते. ६० विद्यार्थ्यांनी तो एकाच वेळी पाहायचा, तर सेकंदाला ६० मेगाबिटचा अखंड ओघ लागतो आणि एकूण २० गिगाबाइटच्या आसपास माहिती त्या हवेतून वाहून न्यावी लागते. यातली गमतीची, किंवा खेदाची म्हणा, गोष्ट ही की ती सगळी माहिती एकच आहे. एकच पाठ साठ वेळा, साठ वेगवेगळ्या प्रती करून पाठवला जातो.

देवळात कीर्तन चालू आहे अशी कल्पना करा. कीर्तनकार एकदा बोलतात आणि सभामंडपातील सगळे श्रोते ते एकाच वेळी ऐकतात. दहा श्रोते वाढले म्हणून बुवांना दहा वेळा बोलावे लागत नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांचे प्रक्षेपण असे असते. आंतरजालावरचा व्हिडिओ मात्र निराळ्या पद्धतीने येतो. तिथे बुवा प्रत्येक श्रोत्याच्या कानाशी जाऊन तेच वाक्य पुन्हा सांगतात, एकाकडून दुसऱ्याकडे पळत राहतात, आणि श्रोते वाढले की धापा टाकू लागतात.

मग बिनतारी जाळ्यातही एकदाच बोलून सर्वांना का ऐकवू नये? तशी सोय आहे. तिला ‘मल्टिकास्ट’ म्हणतात. परंतु वाय-फायमध्ये तिला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की सर्वांना एकदम ऐकवायचे तर मंडपातल्या शेवटच्या रांगेतील वृद्धालाही समजेल इतक्या सावकाश बोलावे लागते. म्हणजे डबा आपला सर्वांत कमी वेग वापरतो. दुसरी अशी, की एकेकाला सांगताना श्रोता मान डोलावून ‘पोहोचले’ अशी पावती देतो आणि पावती न आल्यास तेच पुन्हा सांगितले जाते. सर्वांना एकदम सांगताना अशी पावती घेता येत नाही. कोणाचा एखादा शब्द निसटला तर निसटलाच. म्हणून चित्र तुटते आणि अनेक ठिकाणी ही सोय बंदच ठेवतात.

अलीकडचे व्हिडिओ एका युक्तीने ही कोंडी थोडी सैल करतात. पाठाचे काही सेकंदांचे लहान तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा उच्च, मध्यम, कमी अशा अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो. जोडणी मंदावली की मोबाइल पुढचा तुकडा कमी दर्जाचा मागवतो. चित्र धूसर होते, पण थांबत नाही. ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. मात्र पाठ तयार करणाऱ्याने पडद्यावर बारीक अक्षरांत उतारे दाखवले असतील, तर धूसर चित्रात ते वाचता येत नाहीत आणि पाठ चालू राहूनही विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. जाळे किती सक्षम आहे याच्याइतकेच, पाठ कसा बनवला आहे हेही महत्त्वाचे ठरते ते इथे.

मागे वळून पाहताना

या प्रश्नाचा उगमच मुळी विद्यापीठात आणि दूर विखुरलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात झाला, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहावरील विद्यापीठाचे विभाग वेगवेगळ्या बेटांवर होते आणि मोठा संगणक ओआहू बेटावर. समुद्रातून तारा टाकणे परवडणारे नव्हते. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींचा मार्ग निवडला आणि १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे जाळे सुरू झाले. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघांचे निरोप आदळले तर दोघांनीही थोडा अनिश्चित वेळ थांबून पुन्हा पाठवावे, एवढाच त्याचा नियम होता. त्या मूळ पद्धतीत हवेची क्षमता जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास सत्कारणी लागू शकते, हे गणिताने सिद्ध झाले. पुढे त्यात कानोसा घेण्याची सुधारणा झाली आणि १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले. त्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २ मेगाबिट होता. आज तो वेग शेकडो पटींनी वाढला आहे. हवा सामाईक असणे मात्र बदललेले नाही.

दुसरा दाखला आपल्या देशातला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवले गेले. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. गावात एक संच, त्याला मोठ्या जाळीदार ताटलीसारखा ॲंटेना आणि समोर बसलेला गाव, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येकाच्या हातात पडदा देण्याची ऐपत नसलेल्या देशाने एकाच पडद्यासमोर अनेकांना बसवण्याचा मार्ग काढला. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात गेला.

या प्रयोगांचा मी अतिरेकी गौरव करू इच्छित नाही. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. त्या वेळी शेतात किंवा कामावर असणाऱ्याचा पाठ चुकला तर चुकलाच. प्रश्न विचारण्याची सोय फारशी नव्हती. विद्यापीठीय कार्यक्रम सुरुवातीला मुख्यतः इंग्रजीत असत. मराठीत शिकणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच. या दोषांची भरपाई आजचा मोबाइल करू शकतो : हवा तेव्हा पाठ लावा, मध्येच थांबवा, न कळलेला भाग पुन्हा ऐका, तोही आपल्या भाषेत. परंतु नवे साधन हाती आले म्हणून जुन्या प्रयोगातले शहाणपण टाकून द्यावे, असे नाही. एका पाठासाठी एक ओघ पुरेसा असतो, हे १९७५ साली उमगलेले तत्त्व आजच्या सभागृहालाही लागू आहे. त्या रविवारी भिंतीवर एक प्रोजेक्टर लावून आम्ही तो पाठ दाखवला असता, तर ६० ऐवजी एकच प्रत हवेतून यावी लागली असती.

दोन आक्षेप

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा : ही अडचण तात्पुरती आहे, आता फाइव्ह-जी आले, वेग वाढतच जाणार, मग आजच्या तोकडेपणासाठी इतका खटाटोप कशाला? वेग वाढतो आहे, हे खरेच आहे. परंतु फाइव्ह-जीचा मनोराही त्याच्या परिसरातील सर्व मोबाइलांत आपली क्षमता वाटतच असतो. तीही सामाईक विहीरच, फक्त मोठी. आणि विहीर मोठी झाली की पिकेही बदलतात. कमी दर्जाच्या जागी उच्च दर्जाचे व्हिडिओ येतात आणि वाढलेला वेग तेच खाऊन टाकतात. २०२० च्या टाळेबंदीत रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढून बसलेली मुले आपण वृत्तपत्रांत पाहिली. वेग सरासरीने वाढतो, विद्यार्थी मात्र सरासरीत राहत नाही. तो एका ठरावीक वाडीत, एका ठरावीक भिंतीआड राहतो. मुक्त शिक्षणाने सरासरीकडे पाहून धोरण आखले, तर ज्यांच्यासाठी त्याचा जन्म झाला तेच बाहेर राहतील.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे : मराठीच्या विद्यार्थ्याला व्हिडिओ नाकारून पुन्हा कागदाकडे ढकलायचे का? मुळीच नाही. तमाशातील सवाल-जवाब, कीर्तनातील पूर्वरंगाकडून उत्तररंगाकडे जाणारी वाट, दशावतारातील पात्राचा प्रवेश, जात्यावरच्या ओवीची लय, अहिराणीचा आणि मालवणीचा उच्चार या गोष्टी छापील पानावर उतरत नाहीत. नाटक ही तर दृश्यकलाच. इथे व्हिडिओ हा पाठाचा प्राण आहे आणि त्यासाठी लागणारी सगळी खटपट करायला हवी. परंतु आपण पाहतो ते बहुतेक व्हिडिओ असे असतात का? अनेकदा टेबलामागे बसलेले एक व्याख्याते, समोर उघडलेली पुस्तिका, आणि तिचे ४५ मिनिटांचे संथ वाचन, एवढाच ऐवज असतो. तिथे हलतात ते केवळ ओठ. आणि ओठांच्या त्या हालचालीसाठी विद्यार्थ्याचे ३४० मेगाबाइट खर्च होतात.

हाच पाठ नुसत्या आवाजाच्या रूपात दिला, तर बोलण्यासाठी पुरेशा अशा दर्जात तो सुमारे ११ मेगाबाइटमध्ये मावतो, म्हणजे तिसाव्या हिश्शात. तो शेतात काम करताना किंवा एस.टी.च्या प्रवासात ऐकता येतो. त्याचेच लिखित रूप केले, तर संगणकात देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात हे धरूनही पाच हजार शब्दांची संहिता १०० किलोबाइटच्या आसपास बसते. म्हणजे एका व्हिडिओच्या जागेत तशा ३००० हून अधिक संहिता मावतील. कोणत्या विषयाला कोणते रूप शोभते, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयीनही आहे आणि आर्थिकही. ज्यांच्या मोबाइलवर दिवसाला मोजका डेटा मिळतो आणि तो घरातल्या शाळकरी मुलाशी वाटून घ्यावा लागतो, त्यांना त्यातली आर्थिक बाजू कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

संस्थांनी काय करावे

माझ्या मते आवारात बिनतारी जाळे बसवणाऱ्या आणि त्यावर पाठ देणाऱ्या प्रत्येक संस्थेने चार गोष्टी कराव्यात. त्यांपैकी एकीलाही अवाढव्य खर्च नाही.

पहिली गोष्ट, पाठाची एक प्रत आवारातच ठेवावी. व्हिडिओ दूरच्या संगणकावरून प्रत्येक वेळी मागवण्याऐवजी तो रात्री, गर्दी नसताना, एकदाच उतरवून घ्यावा आणि महाविद्यालयातील एका साध्या संगणकावर साठवावा. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या जोडणीवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. हवेवरचा भार मात्र एवढ्याने कमी होत नाही, हे विसरू नये. त्यासाठी विद्यार्थ्यांना पाठ ‘पाहायला’ न लावता ‘उतरवून घ्यायला’ सांगावे. उतरवून घेण्याला घाई नसते. चहाच्या सुटीत, ग्रंथालयात, दहा-दहाच्या गटाने ते होऊ शकते. ज्याला जमत नाही त्याला मेमरी कार्डवर द्यावे. मेमरी कार्ड दिल्याने संस्था मागासलेली ठरते, हा गैरसमज आधी सोडायला हवा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पाठ तीन रूपांत द्यावा : कमी आकाराचा व्हिडिओ, ध्वनिफीत आणि लिखित संहिता. संहितेचा लाभ कमी ऐकू येणाऱ्या आणि व्याख्यात्याच्या वेगाने टिपणे काढू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही होतो. पडद्यावर मजकूर दाखवायचाच असेल, तर तो मोठ्या अक्षरांत आणि मोजक्या ओळींत असावा.

तिसरी गोष्ट, डबे जिथे माणसे बसतात तिथे लावावेत. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक शक्तिशाली डबा टांगून चार वर्गांना पुरवण्यापेक्षा प्रत्येक वर्गात कमी शक्तीचा एकेक डबा लावणे अधिक हिताचे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून कमी जातात. हा त्यांचा दोष इथे गुण ठरतो, कारण एका वर्गाची हवा दुसऱ्या वर्गात शिरत नाही. आणि चाचणी नेहमी भरलेल्या वर्गात, शेवटच्या बाकावर, एखाद्या जुन्या मोबाइलवर घ्यावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणतीही उपस्थिती, कोणताही गुण, कोणताही गृहपाठ ठरावीक क्षणी व्हिडिओ चालू राहण्यावर अवलंबून ठेवू नये. जाळे तुटले म्हणून विद्यार्थी अनुपस्थित ठरतो, तेव्हा आपण त्याचे ज्ञान तपासत नसतो, त्याची रेंज तपासत असतो.

तुमच्याकडून अपेक्षा

विद्यार्थी मित्रहो, यात तुमचाही एक भाग आहे. पाठ अडखळला तर ‘माझाच मोबाइल जुना’ असे म्हणून गप्प बसू नका. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, किती जण असताना काय घडले, हे चार ओळींत लिहून केंद्रप्रमुखांना द्या. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीला ‘चालू आहे’ एवढे उत्तर पुरते; परंतु ‘रविवारी अकरा वाजता, शेवटच्या तीन रांगांत, ६० जण असताना पाठ दोन मिनिटांनंतर थांबला’ या नोंदीला उत्तर देण्यासाठी कोणाला तरी जागेवर येऊन पाहावेच लागते. भाषेच्या विद्यार्थ्याला नेमके लिहिण्याचे महत्त्व मी वेगळे काय सांगावे?

आता त्या रविवारच्या पुढची हकिकत सांगून थांबतो. पुढच्या सत्राला मी तोच पाठ घरून एका पेन ड्राइव्हवर नेला आणि महाविद्यालयाचा प्रोजेक्टर मागून घेतला. सर्वांनी एकाच भिंतीकडे पाहिले. ओव्यांचा भाग आला, तेव्हा मागच्या बाकावरच्या त्याच ताई उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “सर, आमच्या गावात ही ओवी अशी म्हणत नाहीत. शेवटचं चरण वेगळं आहे.” त्यांनी ते म्हणून दाखवले. मग दुसऱ्या गावच्या एका विद्यार्थिनीने तिसरे रूप सांगितले, आणि लोकसाहित्यात पाठभेद कसे निर्माण होतात, हा पुस्तिकेतला मुद्दा मला वेगळा शिकवावाच लागला नाही.

त्या दिवशी हवेतून एकही मेगाबिट गेला नाही. तरीही बिनतारी जाळे नको, असा निष्कर्ष मी त्यातून काढत नाही. पाठ पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्याच्या यंत्रावर कळत नाही; मागच्या बाकावरून कोणी उठून बोलले की ते कळते, एवढेच मला त्या दिवसाने शिकवले. जाळे आखणाऱ्यांनी आणि पाठ रचणाऱ्यांनी आपले माप त्या बाकापासून घ्यायला सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.